आउटेज म्हणजे नक्की काय बंद पडलं?

प्रश्न थोडक्यात असा: सेवा देणाऱ्या कंपनीकडून 'सर्व्हिस आउटेज' अशी सूचना आली. शब्दकोशात पाहिलं तर 'पुरवठा बंद असण्याचा काळ' एवढंच मिळतं. मग हा शब्द डाउनटाइम, ब्लॅकआउट, इन्सिडेंट, मेंटेनन्स यांच्यापेक्षा वेगळा कसा, इंग्रजीत तो कसा वापरायचा आणि अशी सूचना मराठीत काढायची वेळ आली तर काय लिहायचं?

मी बरीच वर्षं नेटवर्क ऑपरेशन्समध्ये काढली आहेत. या कामात यंत्रांइतकाच वेळ शब्दांवर जातो. कंत्राटातली व्याख्या तपासायची, ग्राहकांना जाणारी सूचना लिहायची आणि सगळे थकलेले असताना 'याला आउटेज म्हणायचं की नाही' यावर वाद घालायचा. शब्दकोशातला अर्थ चुकीचा नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते. काहीतरी बंद आहे, हे दोन ठिकाणी उभं राहून म्हणता येतं. एक जागा यंत्रापाशी, दुसरी ते वापरणाऱ्यापाशी. दोन्हीकडून दिसणारं चित्र पुष्कळदा वेगळं असतं, आणि या शब्दाभोवतीचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आधी शब्दाची घडण. 'आउट'ला 'एज' प्रत्यय लागला आहे. लीकेज, ब्रेकेज, शॉर्टेजमध्ये असतो तोच. मालवाहतुकीत या शब्दाचा एक अर्थ वाटेत किंवा साठवणीत आलेली घट असा आहे आणि इंग्रजी शब्दकोश तो देतात. द्रवपदार्थ वाहून नेणाऱ्या टाक्यांच्या व्यवसायात तर वेगळीच गंमत आहे. उष्णतेने द्रव फुगतो म्हणून टाकी काठोकाठ भरत नाहीत, वर जागा सोडतात. अमेरिकेतल्या धोकादायक मालाच्या नियमांत त्या मोकळ्या जागेला आउटेज म्हणतात. तेव्हा टँकरच्या कागदांवर हा शब्द दिसला तर काहीही बंद पडलेलं नाही, टाकी नियमानुसार भरली आहे एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याला हवा असलेल्या अर्थाचा सर्वांत काटेकोर वापर वीज उद्योगात सापडतो, म्हणून तिथे थोडं थांबू. वीज अभियंत्यांच्या भाषेत आउटेज ही घटकाची अवस्था आहे. वाहिनी, रोहित्र, जनित्र यांपैकी काहीतरी आपलं काम करायला उपलब्ध नाही. ग्राहकाचा पुरवठा तुटतो त्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, इंटरप्शन. आउटेज झालं म्हणजे इंटरप्शन होईलच असं नाही, हे त्या व्याख्येतच धरलेलं असतं. मोठं जाळं मुळात अशा बेताने आखतात की कोणताही एक घटक गेला तरी त्याचा भार बाकीच्यांनी उचलावा आणि घरातला दिवा लुकलुकूही नये. याला 'एन वजा एक' निकष म्हणतात. त्यामुळे मोठ्या जाळ्यात एखादी वाहिनी दुरुस्तीला आहे, एखादं जनित्र बंद आहे, असं कोणत्याही दिवशी चालूच असतं. ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो आणि असायचं कारणही नाही.

हा फरक किती खरा आहे हे पाहायचं असेल तर १४ ऑगस्ट २००३ चा घटनाक्रम वाचावा. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. बातम्यांत दुपारी चारनंतरची वेळ येते. चौकशी अहवालातली गोष्ट मात्र दीडच्या सुमारास सुरू होते. १.३१ ला ओहायोतल्या ईस्टलेकचं एक जनित्र बंद पडलं. सव्वादोनच्या आसपास फर्स्टएनर्जी या कंपनीच्या नियंत्रण कक्षातली इशारे देणारी प्रणाली मुकी झाली, आणि ती मुकी झाली आहे हे तिथल्या माणसांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. मग ३.०५, ३.३२ आणि ३.४१ ला ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या एकामागून एक गेल्या. तारा तापून खाली झुकल्या होत्या आणि खालची झाडं वेळेवर छाटलेली नव्हती. चार वाजून पाच मिनिटांनी आणखी एक मोठी वाहिनी गेली आणि पुढच्या काही मिनिटांत सगळी साखळी कोसळली.

यातली प्रत्येक पायरी अभियंत्याच्या अर्थाने आउटेज होती. ग्राहकाच्या अर्थाने, थोडा स्थानिक भाग सोडला तर, चार वाजेपर्यंत काहीच झालेलं नव्हतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर. पण नियंत्रण कक्षात बसलेल्याने ग्राहकाचा अर्थ धरला, म्हणजे तक्रार नाही तर आउटेज नाही असं मानलं, तर काय होतं ते त्या दिवशी दिसलं.

वीज कंपन्यांची कामगिरी मोजणारा सर्वांत प्रसिद्ध निर्देशांक सैडी (सिस्टिम ॲव्हरेज इंटरप्शन ड्यूरेशन इंडेक्स). त्याच्या पूर्ण नावात शब्द आहे तो इंटरप्शन. वर्षभरात सगळ्या ग्राहकांची मिळून किती मिनिटं वीज गेली, ती एकूण ग्राहकसंख्येने भागायची. दुसरा निर्देशांक सैफी, त्यात मिनिटांऐवजी वेळा मोजतात. ग्राहकाने अनुभवलेलं मोजायचं असल्यामुळे इथे आउटेज हा शब्द घेतलेला नाही. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या मानकात पाच मिनिटांपर्यंतचा खंड 'क्षणिक' धरतात आणि त्याहून मोठाच सैडीत मोजतात. चार मिनिटांसाठी पाच वेळा वीज गेली तर तुमचा दिवस वाया जातो, सैडीत मात्र तो दिवस स्वच्छ दिसतो. निर्देशांक वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

घटक बंद पण ग्राहक चालू, याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे भारनियमन. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जाळं वाचवण्यासाठी काही भागांचा पुरवठा मुद्दाम तोडतात. तिथली वाहिनी धडधाकट, रोहित्र धडधाकट, तरी घरात अंधार. घटक शाबूत आणि ग्राहक बंद. म्हणून मुरलेला वीज अभियंता भारनियमनाला आउटेज म्हणायला कां कूं करतो. बोलीभाषेतल्या इंग्रजीत लोक त्यालाही पॉवर आउटेजच म्हणतात आणि ते चूक म्हणता येत नाही. फक्त तांत्रिक अहवालात दोन्ही एकाच रकान्यात टाकू नयेत.

वीज उद्योगातला आणखी एक फरक रोजच्या वापरात हरवतो. आउटेज ठरवून केलेलंही असतं. 'प्लॅन्ड आउटेज' किंवा 'शेड्यूल्ड आउटेज' म्हणजे आधी तारीख ठरवून देखभालीसाठी घेतलेला बंद, आणि 'फोर्स्ड आउटेज' म्हणजे बिघाडामुळे घ्यावा लागलेला. अणुवीज केंद्रात तर 'रिफ्युएलिंग आउटेज' हा मोठा प्रकल्पच असतो. साधं पाणी वापरणाऱ्या नेहमीच्या 'हलक्या पाण्याच्या' अणुभट्टीत दर १८ ते २४ महिन्यांनी इंधन बदलायला भट्टी थांबवतात, महिनोन्‌महिने आधी वेळापत्रक आखतात, बाहेरून शेकडो कामगार येतात. तिथे 'आउटेज मॅनेजर' हे पद आहे आणि तो माणूस संकटनिवारण करत नसतो, ठरलेलं काम ठरल्या दिवशी संपवत असतो. संगणक क्षेत्रातून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण आमच्याकडे ठरवून केलेल्या बंदला 'मेंटेनन्स विंडो' म्हणतात आणि नुसतं 'आउटेज' म्हटलं की ऐकणारा अनपेक्षितच धरतो. एकाच बैठकीत वीजवाले आणि संगणकवाले बसले असतील तर 'प्लॅन्ड' की 'अनप्लॅन्ड' हे विशेषण न चुकता लावा. मी यावरून पूर्ण अर्धा तास फुकट गेलेला पाहिला आहे.

आता संगणक सेवांकडे. इथे यंत्र आणि वापरणारा यांतलं अंतर आणखी वाढतं, कारण मध्ये थर पुष्कळ. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होती. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं मुख्य जाळं खाली आलं. असा आदेश अडवायला एक तपासणी साधन होतं, पण त्यातच दोष होता. मग कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांना, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांना, डेटा सेंटरांशी संपर्क होईना, म्हणून त्यांनी ठरलेल्या रचनेप्रमाणे स्वतःकडे येणारे मार्ग इंटरनेटवर जाहीर करणं थांबवलं. ते सर्व्हर चालू होते. पण गाव जागेवर असताना गावाकडच्या सगळ्या पाट्या कुणी काढून न्याव्यात तसं झालं. कंपनीची आतली साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने दुरुस्ती लांबली. 'सर्व्हर डाउन' हे आपण सवयीने म्हणतो, इथे ते शब्दशः खोटं ठरलं असतं. 'सर्व्हिस आउटेज' मात्र चपखल बसतं, कारण बंद होती ती सेवा.

संगणक क्षेत्रात या शब्दामागे सेवा किंवा भाग याचं नाव जोडायची पद्धत आहे ती म्हणूनच: नेटवर्क आउटेज, डीएनएस आउटेज, लॉगिन आउटेज, रीजनल आउटेज. नुसतं आउटेज लिहिलेली सूचना अर्धवटच. काय आउट आहे, कुणासाठी, केव्हापासून, हे तिघं सोबत नसतील तर वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही.

डाउनटाइमशी गल्लत सर्वांत जास्त होते. इंग्रजीत आउटेज ही घटना आहे आणि ती नगांत मोजतात: एक आउटेज, या तिमाहीत तीन आउटेजेस. डाउनटाइम हा वेळ आहे आणि तो मिनिटांत किंवा तासांत मोजतात. 'थ्री डाउनटाइम्स' असं लिहिलेलं वाचताना इंग्रजी जाणणाऱ्याला खटकतं. एका आउटेजमुळे चाळीस मिनिटांचा डाउनटाइम झाला, असं नातं आहे. शिवाय डाउनटाइममध्ये ठरवून घेतलेला बंद काळही येतो, आणि माणसाच्या विश्रांतीलाही डाउनटाइम म्हणतात. तुमचा सहकारी 'आय नीड सम डाउनटाइम' म्हणाला तर त्याला सुट्टी हवी आहे, बिघाड झालेला नाही.

इन्सिडेंट हा या दोघांपेक्षा मोठा डबा. सेवा अनपेक्षितपणे तुटली किंवा तिचा दर्जा घसरला, दोन्ही इन्सिडेंट. म्हणजे प्रत्येक अनपेक्षित आउटेज हा इन्सिडेंट असतो, उलट खरं नाही. वेबसाइट उघडते आहे पण रडत रडत, तर तो इन्सिडेंट आहे. आउटेज आहे का, यावर भांडण होतं.

आणि हे भांडण पैशाचं असतं. सेवा करारात उपलब्धतेची हमी टक्क्यांत देतात. ९९.९ टक्के ऐकायला जवळजवळ पूर्ण वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात ते ४३ मिनिटं १२ सेकंद बंद राहायची मुभा देतं, वर्षाला पावणेनऊ तासांच्या आसपास. ९९.९९ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ४ मिनिटं १९ सेकंद. ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षभरात साधारण सव्वापाच मिनिटं. माणसाला फोन करून उठवून, त्याने लॅपटॉप उघडेपर्यंत तेवढी संपतात, म्हणून हा आकडा माणसांच्या भरवशावर गाठता येत नाही, बिघाड आपोआप ओळखून दुसरीकडे वळवणारी यंत्रणाच लागते.

पण हे आकडे कशाचे, ते व्याख्येत दडलेलं असतं. करार हातात आला की मी टक्केवारीच्या आधी व्याख्यांचं पान वाचतो. बहुतेक करारांत आधी कळवलेली देखभाल वगळलेली असते. काहींत अमुक टक्क्यांहून जास्त विनंत्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी सेवेकडे केलेल्या मागण्या, सलग काही मिनिटं फसल्या तरच तो काळ धरतात. म्हणजे दर दहातली एक विनंती दिवसभर फसत राहिली तरी करारानुसार आउटेज शून्य निघू शकतं, आणि त्या दहाव्या माणसासाठी दिवसभर सेवा बंद. करार यंत्राच्या बाजूने मोजतो, माणूस आपल्या पडद्याकडे बघून मोजतो. भरपाई मागायची असेल तर आपला पडदा पुरावा होत नाही, करारातली मोजणीच होते. सही करण्याआधी ती कोण करणार आणि कुठून करणार, हे विचारून घ्या.

अर्धवट बंद अवस्थेसाठी स्थितीदर्शक पानांवर, म्हणजे सेवा चालू आहे की नाही हे कंपनी जिथे जाहीर करते त्या 'स्टेटस पेज'वर, एक ठरीव शब्दावली आहे. 'ऑपरेशनल' म्हणजे सुरळीत, 'डिग्रेडेड परफॉर्मन्स' म्हणजे चालू पण मंद किंवा अडखळत, 'पार्शल आउटेज' म्हणजे काहींसाठी किंवा काही भाग बंद, 'मेजर आउटेज' म्हणजे जवळपास सगळं बंद. माझं मत विचाराल तर यातल्या 'डिग्रेडेड'वर सर्वांत जास्त संशय घ्यावा. कधी तो प्रामाणिक असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या जाळ्याचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. त्या ४३ सेकंदांत अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसांत वेगवेगळ्या नोंदी झाल्या, आणि त्या जुळवताना २४ तास ११ मिनिटं सेवा खालावलेली राहिली. साइट उघडत होती, पण दिसणारी माहिती जुनी किंवा विसंगत असू शकत होती. याला सरसकट आउटेज म्हणणं अन्यायाचं झालं असतं, तेव्हा 'डिग्रेडेड' योग्यच. उलट लॉगिनच होत नसताना 'काही वापरकर्त्यांना मंदपणा जाणवू शकतो' असं लिहिलेल्या सूचनाही मी भरपूर वाचल्या आहेत. शब्द सौम्य केला की आउटेजची नोंद टळते आणि महिन्याचा अहवाल हिरवा राहतो.

स्थितीदर्शक पान हिरवं असण्यामागे नेहमी लबाडीच असते असंही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा उत्तर व्हर्जिनियात काही तास कोलमडली. थोडे सर्व्हर काढायच्या आदेशात चुकीची माहिती भरली गेली आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. त्या काळात ॲमेझॉनला स्वतःचं स्थितीदर्शक पान जवळपास दोन तास बदलता आलं नाही, कारण ते बदलण्याची यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती. शेवटी ट्विटरवरून सांगावं लागलं. आउटेजची बातमी देणारं पान त्याच आउटेजमध्ये सापडतं, हा या क्षेत्रातला जुना विनोद आहे आणि तो दरवेळी कुणाला तरी महागात पडतो. तुमच्या सेवेचं असं पान असेल तर ते दुसऱ्याच्या छपराखाली ठेवा.

आउटेज कुणाचं, हाही प्रश्न बातम्या वाचताना पडायला हवा. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ, रुग्णालयं, बँका यांच्या संगणकांवर निळा पडदा आला आणि मथळे झळकले 'मायक्रोसॉफ्ट आउटेज'. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवरच्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी सदोष अपडेट पाठवलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणकांना त्याचा फटका बसला, म्हणजे एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी. गंमत अशी की आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला अमेरिकेच्या मध्य भागात खरोखर आउटेज झालं होतं, त्याचं कारण वेगळं. दोन्ही बातम्या एकमेकींत मिसळल्या.

मला त्या दिवसात जास्त रस आहे तो संपण्याच्या वेळेमुळे. सदोष अपडेट क्राउडस्ट्राइकने ७८ मिनिटांत मागे घेतलं. पाठवणाऱ्याच्या बाजूने दोष तिथे संपला. पण अडकलेले संगणक सुरूच होत नव्हते. अनेक ठिकाणी माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन फाइल काढावी लागली आणि काही संस्थांना त्यात कित्येक दिवस गेले. मग आउटेज ७८ मिनिटांचं की आठवडाभराचं? अहवालात दोन वेळा वेगळ्या लिहाव्यात असं मी सांगतो: कारण दूर झाल्याची आणि सेवा पूर्ववत झाल्याची. 'रिझॉल्व्ह्ड' हा शब्द यांतल्या पहिल्या वेळेला लावून मोकळं व्हायचा मोह सगळ्यांनाच होतो.

ब्लॅकआउट आणि ब्राउनआउट लवकर उरकतो. ब्लॅकआउट म्हणजे मोठ्या भागाची वीज पूर्ण जाणे. ३१ जुलै २०१२ ला भारताची उत्तर, पूर्व आणि ईशान्य जाळी एकदम कोसळली, ६० कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश त्यात आला, तो ब्लॅकआउट. ब्राउनआउटमध्ये वीज असते पण व्होल्टेज उतरलेलं. एका गल्लीत दिवे गेले तर पॉवर आउटेज म्हणावं, ब्लॅकआउट जरा नाटकी होतं. ब्रिटिश माणूस दोन्ही सोडून बहुधा 'पॉवर कट' म्हणेल. आउटेज हा मूळ वळणाने अमेरिकी वापर आहे, पण संगणक सेवांच्या संदर्भात आता सगळीकडे चालतो.

इंग्रजी वाक्यात वापरताना चुका ठरलेल्या असतात. आउटेज नाम आहे, विशेषण किंवा क्रियापद नाही. 'द सर्व्हर इज आउटेज' असं वाक्य होत नाही; 'द सर्व्हर इज डाउन' किंवा 'देअर इज ॲन आउटेज'. आधी 'ॲन' लागतं, 'अ' नाही, कारण उच्चार स्वराने सुरू होतो. सेवेला आउटेज होतं तेव्हा क्रियापद 'एक्स्पिरियन्स', 'सफर' किंवा 'हॅव' घेतात. कारण सांगताना 'कॉज', आणि ते मिटलं की 'रिझॉल्व्ह'. 'रिस्टोअर' हे पुरवठ्याला किंवा सेवेला लावा. 'वी हॅव रिस्टोअर्ड द आउटेज' याचा अर्थ बंद पुन्हा सुरू केला असा होतो, आणि ही चूक मी अधिकृत पत्रांत पाहिली आहे. 'आउटेज रिस्टोरेशन' हा जोडशब्द मात्र वीज कंपन्या सर्रास वापरतात, त्याला आता हरकत घेण्यात अर्थ नाही. आणि पाठवण्याआधी एकदा स्पेलिंग बघा. मध्ये एक आर घुसला की आउटरेज होतं, म्हणजे संताप. 'वी अपॉलजाइज फॉर द आउटरेज' ही माफी ग्राहक जपून ठेवतात.

उच्चार इंग्रजीत 'आउटिज'च्या जवळचा, पहिल्या अवयवावर जोर. मराठीत आपण आउटेज म्हणतो, लिहितो, आणि ते तसंच ठेवावं. लिंगाबद्दल एकमत नाही: काही जण 'आउटेज झाला' म्हणतात, मी पॅकेज-कॉलेजच्या चालीवर 'झालं' म्हणतो. अनेकवचन मराठी वाक्यात 'आउटेज'च ठेवलं तरी भागतं.

आता मराठी सूचनेचं. आउटेजला एकच प्रतिशब्द शोधत बसू नका, मराठी इथे क्रियापदाने बोलते. वीज जाते, नेट जातं, लाइन तुटते, सेवा खंडित होते, पुरवठा बंद राहतो. वीजपुरवठ्यासाठी 'पुरवठा खंडित' हे रुळलेलं आहे आणि चांगलं आहे. संगणक सेवांसाठीही 'सेवा खंडित' चालतं, पण सगळंच बंद असेल तरच. अर्धवट अवस्थेला ते लावू नये, वाचणारा काम सोडून देतो. तांत्रिक लोकांच्या आपसातल्या अहवालात मात्र आउटेज हाच शब्द ठेवावा, तिथे भाषांतराने नेमकेपणा जातो.

सरकारी आणि बँकांच्या सूचनांत 'काही तांत्रिक कारणास्तव सेवा तात्पुरती खंडित झाली असून होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य इतकं घासलं गेलं आहे की त्यातून काहीच कळत नाही. काय बंद, कुणाचं, कधीपर्यंत, एकही उत्तर नाही. 'तात्पुरती' म्हणजे दहा मिनिटं की दोन दिवस तेही नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल:

'आज दुपारी २.१० पासून नव्याने लॉगिन होत नाही. जे आधीच लॉगिन आहेत त्यांचं काम सुरू आहे, त्यांनी लॉगआउट करू नये. भरलेली माहिती सुरक्षित आहे. कारण सापडलं असून दुरुस्ती चालू आहे. पुढची माहिती ३ वाजता, सेवा तोवर सुरू झालेली नसली तरीही देऊ.'

आउटेज हा शब्द यात कुठेच नाही. 'सुरक्षित आहे' हे मात्र खात्री झाल्यावरच लिहा, नसेल तर ते वाक्य गाळा. आणि तीन वाजता सांगायला नवीन काही नसेल, तर तेच तीन वाजता लिहून टाका.